फोटोशिवाय

यावलच्या ठाण्यात शांतता समिती बसली तेव्हा
मी मागच्या बाकावर, इतिहासाचा मास्तर म्हणून बोलावलेला.
मिरवणूक कुठल्या गल्लीतून,
मशिदीपाशी ढोल किती पावलं गप्प,
चाळीस की साठ, यावर दोन तास गेले.

सकाळीच नववीला आयर्लंड शिकवलं होतं.
तिथंही ढोल, तिथंही गल्लीचाच वाद,
तीनशे वर्षांपूर्वीची लढाई
दर उन्हाळ्यात नव्यानं जिंकायची.
एका मुलीनं विचारलं, मग बंदुका दिल्या कुणाला?
म्हटलं, कुणालाच नाही. मोडल्या.
दोन धर्मगुरू उभे होते बघायला. फोटो नाही.
"फोटो नाही तर खरं कशावरून, सर?"
घंटा झाली, बरं झालं.

चहा आला, निम्मा बशीत सांडलेला.
रमजान तडवीच्या कपाळावर अजून टाके,
काशिनाथ झोपेंची नऊशे केळीची खोडं
कुणी एका रात्रीत आडवी केलेली.
दोघं एकमेकांकडे न बघता
पन्नासावर आले.

साहेब म्हणाले, हात मिळवा, पेपरवाला थांबलाय.
झोपे उठले. "हात मिळवतो. फोटू नको.
घरी पोरगा बघंल, म्हणंल बाप वाकला."
तडवीनं मान हलवली.
त्या दिवसातलं पहिलं एकमत.

कॅमेरा पिशवीत गेला.
हात मिळाले असतील,
मध्ये हवालदाराची रुंद पाठ होती.

उद्या वर्गात सांगेन, मी तिथं होतो.
ती विचारेल,
"मग पाहिलंत?"