एकवीस तारा

मे महिना. धंतोली. दुसरा मजला.
कुलर बंद केलाय, त्याची मोटर रेघांत उतरते.
आई पदरानं वारा घालते,
त्यालाही मी नाही म्हणतो.

खेमा गजभिये, सात महिने, राहणार इंदोरा.
रात्रभर जागवून आणा,
असं चिठ्ठीवर मीच लिहिलं होतं.
बाप तिला खांद्यावर घेऊन
कमाल चौक ते दहा नंबर पुलिया, पहाटेपर्यंत.
डोळा लागला की गालावर ओलं बोट,
रडली की, झालं न बाई, झालं.
नंबरप्लेटा रंगवणारा माणूस.
नखात अजून पिवळा रंग.

मी टेपनं डोकं मोजतो.
नाकाच्या खोबणीपासून मागच्या उंचवट्यापर्यंत,
एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत.
ती माझ्याकडं बघत नाही. टेपकडंही नाही.
लाल पेन्सिलीच्या खुणा, थोडी पेस्ट,
एकवीस तारा, वर गॉजची टोपी.
टाळू अजून उडते. तिथं बोट हलकं ठेवायचं,
हे कुठल्या कोर्समध्ये नव्हतं.

"दिवसातून किती वेळा?"
"मोजलं नाही जी. झोपून उठली की करते,
सात-आठदा, लागोपाठ."
आणि मोबाइल पुढं करते.

पडद्यावर खेमा, पांढरा फ्रॉक, आजोबांच्या मांडीवर.
मान खाली जाते, दोन्ही हात पुढं येतात,
जवळ येतात, सुटतात.
पुन्हा.
पुन्हा.
मागं सगळं घर हसतं.
कुणी ओरडतं, जयभीम घालून राहिली न पोट्टी!
आजोबा हात जोडून परत जयभीम घालतात,
प्रत्येक वेळी, एकही न चुकवता.
चौदा एप्रिलचा व्हिडिओ. वस्तीभर फिरला.
मग महिनाभर गॅसचं औषध.

झोप लागली. रेघा सुरू झाल्या.

माझा बाप तांडापेठेत हातमागावर होता.
ताण्यातला एक धागा तुटला
तर डोळ्याआधी बोटांना कळायचं त्याच्या.
इथं एकही धागा शेजारच्याला ओळखत नाही.
कांड्यांचं टोपलं पायरीवरून सांडावं तसं,
उंच, वेडंवाकडं, कोण कुठून आलं पत्ता नाही.
आणि एकाएकी सगळं सपाट,
दोन सेकंद,
आणि झोपेतच तिची मान झुकते.

याला नाव आहे. लांब आहे. मला येतं.
मी वेळ लिहितो: अकरा बारा.

बाप दारातून, "काही दिसून राहिलं काय, भाऊ?"
"मॅडम सांगतील."
बावीस वर्षं हे दोन शब्द
मी कडीसारखे लावत आलोय.

पांढरीपांडे मॅडम डबा सोडून वर आल्या.
उभ्यानंच पडदा पाहिला,
मग व्हिडिओ, आवाज बंद करून.
मग स्टूल ओढून आईसमोर बसल्या
आणि आजच भरती करा म्हणाल्या. इंजेक्शन. आज.
मेंदू हा शब्द एकदाच वापरला. झटके, तीनदा.
आई ऐकत होती, ऐकत होती,
मग एवढंच,
"म्हणजे तो जयभीम नव्हता काय जी?"

मॅडम बोलल्या नाहीत.
मी पेस्ट पुसत राहिलो.
जावळात अडकते ती. ओढायची नसते.
कोमट पाणी, कापूस, आणि वेळ.

ऑगस्टात परत आली.
औषधानं गाल फुगलेले. बसत नाही अजून.
बसेल का, बोलेल का,
मॅडम तारीख देत नाहीत कुणालाच.
या खेपेला आजोबा सोबत.
"आता घालत नाही," मला म्हणाले,
"बरंच झालं."
आणि हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळेना.

मी टेप काढली.
खेमानं टेपकडं पाहिलं.
टेप डावीकडं नेली,
तिचे डोळे डावीकडं.
उजवीकडं नेली.
आले.
डोकं मोजायचं राहिलंच मग थोडा वेळ.