कारात

शब्दकोशात कारात दोनदा येतो.
एक : लोखंडावर चढतो तो गंज.
दोन : सोन्यात किती सोनं, त्याचं माप.
मधे बोटभरही जागा नाही,
फक्त डोक्यावर बारीक आकडा.

तान्जुंग जातीच्या चिखलात
बाबा जहाजं कापतात.
कुठलीकुठली पाणी हिंडून आलेली,
भरतीला नाकाडावर चढवलेली जहाजं
गॅसच्या ज्योतीनं सोलतात.
घरी येतात ते हळद लागल्यासारखे;
भुवयांत गंज, कानांत गंज,
डब्याच्या कडीतसुद्धा.
रिआउचा झैनुरीकाका म्हणतो,
आमच्याकडची जुनी माणसं याला म्हणायची
ताही बसी. लोखंडाचं हगणं.
बाबा हसतात, आणि आई
दारातच बादली पुढे सरकवते.

मंगळवारी आईनं साबण लावून अंगठी काढली.
गहाणवटीच्या खिडकीतल्या मुलीनं
ती काळ्या दगडावर घासली,
थेंब टाकला, वाट पाहिली.
"सोळा कारात."

फाथोर टाचा उंचावून म्हणाला,
"सोळा गंज? कुठेयत?
थुंकी लावून पुसू का?"
मुलगी हसली. मागच्या रांगेतलं कुणी हसलं.
आई हसली नाही.
"बावीस आहे ती," ती म्हणाली,
"लग्नात बावीस सांगितली होती."
बाबा खिडकीचे गज बघत होते,
खालून कुठे कुठे खाल्लेत ते.

मार्दियाबाई म्हणतात,
सोन्याचा कारात अरबांच्या गलबतांतून आला.
मुळात एका शेंगेचं बी,
तराजूत टाकायला बरं, म्हणून माप झालं.
आणि दुसरा?
तो कुणी आणला नाही, म्हणाल्या,
तो इथलाच असावा,
आणि फळा पुसायला लागल्या.

फाथोरची फी भरली.
पावतीवर तिचा आकडा, त्याखाली आईचा अंगठा,
त्या बोटाच्या शेजारच्या बोटावर
पांढरा वळसा.

संध्याकाळी बाबा दारात वाकून उभे राहिले.
आईनं काही विचारलं नाही.
काथ्या घेतला, मान घासली,
मग पाठ, मग पुन्हा मान,
पहिलं पाणी नारिंगी, दुसरं नारिंगी,
तिसरं स्वच्छ निघालं तरी
ती घासतच राहिली,
आणि बाबा
हूं की चूं न करता
वाकलेलेच.