उंटांसाठी बोगदा

सुहारच्या आत, डोंगराच्या अंगाला, हारत अल-सिद्र.
सिद्र म्हणजे आपली बोर. तीच काटेरी,
फळ थोडं बारीक.
तिथल्या चौकात माझं टायपिंगचं दुकान:
एक टेबल, दोन की-बोर्ड, शिक्क्यांची पेटी,
आणि एसी, ज्याला थापट मारल्याशिवाय कळत नाही.

परकार हे नाव इथं कुणाच्या तोंडी बसत नाही,
अरबीत प नाही.
अठरा वर्षं मी बारकार आहे.

गेल्या वर्षापासून सगळ्या अर्जांचा विषय एकच. रेल्वे.
सरहद्दीपलीकडे पोचवणार म्हणे, चहा निवायच्या आत.
शमनादने टपरीवर आधीच रंगवून घेतलं
'स्टेशन कॅफेटेरिया',
स्टेशन अकरा किलोमीटरवर.
माझ्या खोलीचं भाडं वीस रियालांनी वाढलं.
मालक म्हणाला, रेल्वे येतेय ना,
जशी काय ती माझ्याच खोलीत मुक्कामाला उतरणार.

मग तिपाई लावून एक डोळा मिटणारी माणसं आली.
खजुरांच्या बुंध्यांवर निळे आकडे पडले.
मी ते आकडे ओळखतो.
आमच्या कलमांवर शेंदरी होते.
अब्बांनी सातबारा तेलकट पिशवीतून चार वेळा खेडला नेला,
चार वेळा परत आणला.
एका कलमाला आकडा द्यायचाच राहिला होता.
तेही तोडलं.
आता तिथून गाडी जाते, थांबत नाही.
मा तिच्या भोंग्यावर भात उपसते.
आणि त्याच रुळांवरून मी मुंबई गाठली,
विमान पकडलं.
तेव्हा मी कुणाच्या बाजूने बोलू?
मी टाइप करतो.

झुवैना बिंत खल्फान भर दुपारी आली.
किती झाडं, मी विचारलं.
सतरा. पण झाडांसाठी नाही आले,
झाडांचे पैसे मुलाने घेतले, गाडी आणली, पांढरी.
बहीण पलीकडे आहे.

पलीकडे म्हणजे फलजचं पाणी ओलांडून शंभर पावलं.
हरीसचं ताट फडक्याखाली गरम राहील
एवढंच लांब.
आता मध्ये भराव, भरावावर कुंपण,
रस्त्याने वळसा नऊ किलोमीटर.
बहीण गुडघ्यांनी गेलेली, ही डोळ्यांनी.
रात्री दोघी फोनवर बोलतात,
आणि फोन ठेवल्यावर
एकदा नुसती हाकही मारून बघतात.

मी नकाशा टेबलावर पसरला.
बोगदा होता, अर्ध्या किलोमीटरवर.
त्याच्याजवळ उंटाचं छोटं चित्र,
उंची दिलेली, रुंदी दिलेली.
माणसाचं चित्र नव्हतं.
पहाऱ्यावरच्या रोकोनुज्जामानने तिला दोनदा परत फिरवलं होतं,
हात जोडून. अम्मा, नोकरी जाईल.

माननीय महोदय, मी सुरुवात केली,
विषय, पादचारी मार्ग मिळण्याबाबत.
थांब, बारकार, ती म्हणाली.
एवढं लांबण कशाला.
लिही, मी सांडणी आहे.

मी हसलो. ती हसली नाही.
अरबीत दोनच शब्द होतात: अना नाका.
नाका म्हणजे सांडणी.
आमच्याकडे नाका म्हणजे जिथं अडवतात ती जागा,
हे तिला सांगावंसं वाटलं,
पण तेवढी अरबी मला
अठरा वर्षांत आली नाही.
शिक्का मारला. पैसे घेतले नाहीत.

उत्तर अजून आलेलं नाही.
चाचणीचं इंजिन मात्र जाऊन आलं,
शमनादच्या बरण्या आपटल्या,
सरहद्दीपलीकडचं कुणीच उतरलं नाही.

परवा रोकोनुज्जामान दुकानात आला,
घरी पैसे पाठवायचा फॉर्म भरून घ्यायला.
शर्टाच्या खिशावर तुपाचा डाग.
मी काही विचारलं नाही.
रक्कम सांगता सांगता तोच म्हणाला,
काल बोगद्यातून एक उंट गेला, भाईसाब.
संध्याकाळी परत आला.
ताट रिकामं होतं.