प्याले घासताना

चांदी कशी घासायची ते मला आईनं शिकवलं:
खाण्याचा सोडा, कोमट पाणी, जुन्या फ्लॅनेलचा तुकडा,
आणि कोरलेल्या अक्षरांवरून हात हलका.
एकतीस वर्षं, दर शनिवारी,
चर्चच्या मागच्या खोलीत, जिथून ओहायो नदीचं वळण दिसतं,
प्रभुभोजनाचे दोन प्याले मी घासत आले.
बुडाशी साल कोरलंय, १८३८.
तेवढंच ठाऊक होतं. तेवढं पुरतही होतं.

यंदा उपवासकाळात दर मंगळवारी तळघरात वर्ग भरला.
रुळांपलीकडच्या मंडळीतले सात जण आले,
आमचे अकरा. घडीच्या खुर्च्या, पातळ कॉफी.
कुणी काही विचारायच्या आतच ग्लेन टॉलिव्हर म्हणाला,
"आमच्या घराण्यात कुणी गुलाम ठेवले नव्हते हं."
व्हर्डेल गेन्सनं लिंबाच्या केकचं ताट
त्याच्याकडे सरकवलं.
"घे," म्हणाली, "अजून सहा आठवडे आहेत."

आमच्या शताब्दीच्या पुस्तिकेत एक ओळ आहे:
१८६७ साली कृष्णवर्णीय बंधुभगिनींनी
सलोख्यानं आमचा निरोप घेतला.
पुस्तिका व्हर्डेलकडेही आहे. तिच्यात सलोखा नाही.
तिच्यात जिना आहे, बाहेरच्या भिंतीला लागून,
पावसात निसरडा, वर सज्जात नेणारा,
आणि खालचा शेवटचा गोरा माणूस पिऊन झाला
की मग वर येणारा प्याला.

चौथ्या मंगळवारी तिजोरीतली नोंदवही मीच आणली.
ते जुनं अक्षर मला लागतं, याचा जरासा तोराही होता.
मोठ्यानं वाचत होते: छपराचा खर्च, मेणबत्त्या,
कुणा विधवेनं मृत्युपत्रात मंडळीला काय काय दिलं,
आणि मग
टेम्पी, वय अकरा. नॅचेझकडे जाणाऱ्या व्यापाऱ्यास. चारशे दहा डॉलर.
लगेच खालच्या ओळीत, त्याच शाईत,
प्याले दोन, चांदीचे, फिलाडेल्फियाहून.

कॉफीचं यंत्र तेवढं गुरगुरत राहिलं.

"प्याल्यांचं काय करायचं गं?"
बाहेर गाडीपाशी मी व्हर्डेलला विचारलं.
खरं तर तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवावा, एवढंच हवं होतं.
ती पर्समध्ये किल्ल्या शोधत राहिली, बराच वेळ.
"एनिड, चाळीस वर्षं मी शाळेत दुसऱ्यांची उत्तरं तपासली.
हे तुझं तू लिही."

या शनिवारी फ्लॅनेल खुंटीवरच राहिलं.
वही घेऊन बसले, पानं मागे उलटत गेले,
तर टेम्पी तिथंही सापडली. तीन महिन्यांची.
बाप्तिस्मा. आई, डॉर्कस, याच मंडळीची.
पाळक तोच, अक्षर तेच,
सालाच्या आकड्याला तोच ऐटबाज फराटा.

मग पुढे उलटत गेले, विक्रीच्या पानानंतर.
डॉर्कस, प्रभुभोजनास हजर.
तीन महिन्यांनी, डॉर्कस, हजर.
त्या हिवाळ्यात नदी गोठली, निम्मी मंडळी आली नाही,
डॉर्कस, हजर.
नऊ वर्षं. बोट ठेवून मोजलं, छत्तीस वेळा.

दर वेळी प्याला लखलखीत असणार.
आदल्या दिवशी कुणीतरी तो घासला असणार,
अक्षरांवरून हात हलका ठेवून.
कुणी, ते वहीत नाही.