उंची

टोलीडोच्या बालन्यायालयात, तिसऱ्या मजल्यावर,
एकवीस वर्षं मी टाइप करते आहे.

गोल्फच्या मैदानावरची गाडी दोघांनी मिळून पळवली,
दोघांनी मिळूनच तळ्यात घातली.
एक गोरा, एक काळा,
पोलीस आले तेव्हा दोघेही सारखेच ओले.

वायटच्या कागदावर आलं: खोडी.
केंड्रेलच्या कागदावर: प्रवृत्ती.
शब्द माझे नव्हते. बोटं माझी होती.

वायटचे वडील उठले,
तळ्यातल्या बदकांची माफी मागितली.
सगळे हसले, न्यायाधीशसुद्धा.
साडेअकराला पोरगं घरी.

केंड्रेलबद्दल अहवालात होतं, दिसतो अठराचा.
त्याची आई म्हणाली,
"उंची त्याच्या आजोबांची आहे, साहेब.
वय त्याचं स्वतःचं. तेरा."
हे नोंदीबाहेर ठेवा, असं मला सांगण्यात आलं.

नेताना बेडी त्याच्या मनगटातून घसरली,
खण्णकन.
त्यानंच वाकून उचलली, शिपायाला दिली,
वर्गात कुणाचं पेन पडावं
तशी.

मी टाइप केलं: आरोपीनं सहकार्य केलं.
मग 'आरोपी' खोडून 'मुलानं' केलं.

चार वाजता कागद खाली परत आला,
दुरुस्तीसाठी.