बोजा

माझ्या टेबलासमोर दोन खुर्च्या.
डावीचा एक पाय आखूड,
त्याच्याखाली कुणाचा तरी नामंजूर अर्ज
चार घड्या घालून.
थंडर बेच्या या पतपेढीत चौतीस वर्षं
लोक येतात, टेकतात, आधी हातमोजे काढतात,
मग प्रश्न.

प्रश्न ठरलेले.
पदरचे किती भरायचे?
दर स्थिर घ्यावा की बदलता?
हाती पैसा आला आणि लवकर फेडलं
तर दंड कशाचा?
उत्तरं मला इतकी पाठ
की रविवारी भांडी घासतानाही पुटपुटते,
मांजर उठून दुसऱ्या खोलीत जातं.

ऑरेस्ट देमचुकने मात्र पहिल्याच दिवशी विचारलं,
"भिंतीत खिळा ठोकायचा तर
तुमची परवानगी लागते?"
लेस्याने त्याच्या गुडघ्यावर चापट मारली.
मी हसले नाही.
मी भाड्याने राहत होते तेव्हा,
माझ्या घरमालकाला एकेक खिळा मोजायची सवय.
आत जाऊन साहेबांना विचारून आले:
खिळा चालेल. भिंत पाडणार असाल तर कळवा.

पाच वर्षांनी नूतनीकरणाला आला तो वही घेऊन.
"साठ हप्ते भरले, रित्वा,
आणि मुद्दल जागचं हललेलं नाही."
कागद त्याच्याकडे फिरवला, रकाने दाखवले:
पंगतीत आधी व्याज बसतं,
उरलंसुरलं मुद्दलाच्या पानात.
तो बंदरावरच्या धान्यकोठारात कामाला.
विचार करून म्हणाला, "म्हणजे उंदीर आधी."
तसंच समजा, म्हटलं.

दहाव्या वर्षी त्याचं कोठार बंद पडलं.
तो बसलाच नाही. उभ्याउभ्याच म्हणाला,
"हप्ता चुकला तर
किती दिवसांनी येता तुम्ही?"
आम्ही यायच्या आत तुम्ही या, म्हणाले.
तीन महिने नुसतं व्याज घेतलं,
मुदत तेवढीच पुढे सरकवली.
एवढंच माझ्या हातात होतं.

पंधराव्या वर्षाचं काही आठवत नाही.
फाइलीत दोन सह्या आहेत,
लेस्याची तिरपी, ओळीच्या बाहेर गेलेली.

विसाव्या वर्षी तो उजव्या खुर्चीत एकटा.
"आता माझी एकट्याची सही चालेल ना?"
चालेल.
पहिल्या अर्जाचं तिसरं पान त्याच्यासमोरच उघडं होतं:
कर्जदाराच्या मृत्यूचा विमा. नको.
महिन्याला अठरा डॉलर वाचवून
त्यांनी तेव्हा परसात सफरचंदाचं झाड लावलं होतं.
पुन्हा विचारायला हवं होतं, मी,
पाचव्या, दहाव्या, कोणत्याही वर्षी.
तो त्याबद्दल काहीच बोलला नाही.
ते न बोललेलं मी पाच वर्षं घरी नेत होते.

पंचवीस वर्षं आणि तीन महिने.
शेवटच्या हप्त्याला त्याच्याबरोबर नात, झोर्याना,
डाव्या खुर्चीत डुगडुग डुलणारी.
म्हटलं, मुद्दलापेक्षा व्याज गोड.
तो एवढ्या मोठ्याने हसला
की काउंटरवरच्या पोरीने नोटा पुन्हा मोजायला घेतल्या.
बोजा उतरल्याचा दाखला दिला.
त्याने तो दोनदा वाचला, उलटा करून मागची बाजूही पाहिली.
तिथे काही नव्हतं.
"मग आता," तो म्हणाला, "पहिल्या तारखेला करायचं काय?"

याचं उत्तर कुठल्याच माहितीपत्रकात नाही.

पुढच्या महिन्याची पहिली तारीख, सव्वादहा.
सरोवरावर अजून बर्फ.
तो आला, टेकला, हातमोजे काढले.
काही विचारायचं होतं?
"नाही."
खिशातून लाकडाची चकती काढली,
घासून गुळगुळीत केलेली, आणि एक खिळा.
खुर्ची आडवी केली.
खिळा पायाशी धरला आणि थांबून माझ्याकडे बघितलं.
चालेल, म्हटलं.

घडीचा अर्ज त्याने फुंकर मारून माझ्या हातात दिला.
तो मी उघडला नाही.