पैरवी

आहेर मॅडम, यादीत तुमचं नाव आलं
हे मला कॅन्टीनच्या पोऱ्यानं सांगितलं.
पगारकाका, तुमच्या मॅडम जज होणार, शिफारस गेली वरती.
मी म्हटलं, कळलं. चहात साखर कमी टाक.

एकोणीस वर्षं तुमचे साक्षीदार मी आणले.
निफाडहून, वणीहून, सातपूरच्या पत्र्याच्या शेडमधून,
एकाला तर लग्नाच्या पंगतीतून उठवून,
बोटांना बासुंदी तशीच.
व्हरांड्यात बसवून एवढंच सांगायचो :
विचारतील तेवढं बोल, खरं बोल, पान थुंकून ये.

तुमचा पहिला दिवस आठवतो.
देवळ्याच्या एसटीतून उतरून थेट कोर्टात,
कोट उसना, बाह्या बोटांपर्यंत.
समोरचे वकील हसून म्हणाले, बाई, तारीख घ्या.
तुम्ही म्हणालात, सरकार पक्ष तयार आहे.
साक्षीदार तेव्हा बाहेर लघवीला गेला होता
आणि मी त्याच्यामागं पळत.

फितूर झालेल्यावर तुम्ही कधी ओरडला नाहीत.
चष्मा काढून पुसायचात, सावकाश,
तेवढ्यात त्याला घाम.
हरलेल्या खटल्याचा निकाल उभ्यानंच वाचायचात,
जिंकलेला पिशवीत घालून घरी न्यायचात.
घरी त्याचं काय करायचात, मी विचारलं नाही.

मी, रंगनाथ पगार, पैरवी हवालदार,
शपथेवर सांगतो की
अशोकस्तंभाजवळ किल्ल्या बनवणाऱ्या दौलत तिदमेची
एकतीस पंचनाम्यांवर सही आहे.
हे म्हणणे खरे आहे की मी त्याला ओळखतो.
हे म्हणणे खरे आहे की सिडकोतल्या त्या पोराच्या खोलीत
चाकू सापडला त्या रात्री
दौलत त्या खोलीत नव्हता.
चाकू होता. खाकी कागद होता. लाख होती.
पोरगा पाच वर्षं नाशिकरोडला राहिला,
त्याची आई दर तारखेला एकाच पायरीवर बसायची,
डबा मांडीवर, न उघडलेला.
हे म्हणणे खरे नाही की मॅडमना हे माहीत होते.
हे म्हणणे की मॅडमनी कधी विचारले नाही,
याबाबत मला काही सांगता येणार नाही.

शुक्रवारी तुम्ही टेबलाचा खण रिकामा केला.
टाचण्या, गुडघ्याचं मलम, लाल पेन्सिलीचं थोटूक,
एक सुकलेली वेलची.
रेक्झिनचा फाटका कोपरा
उगाच बोटानं दाबून बसवलात, तो पुन्हा उठला.
मग म्हणालात, पगार,
दौलत अजून बसतो का स्तंभाजवळ?
बसतो.
मला नांदेडला देतील नाहीतर आणखी कुठं.
तिथंही एखादा किल्लीवाला असेल.
असणारच, मॅडम.
मग त्याला काय विचारायचं, सांगा.

एकोणीस वर्षांत तुम्ही मला पहिल्यांदा
पुढचा प्रश्न विचारलात.
माझी जीभ टाळ्याला चिकटली.
मग म्हटलं, तारीख विचारू नका, वेळ विचारू नका,
ती त्यांना पाठ असते.
विचारा, त्या रात्री घरी काय जेवलास.

तुम्ही थोटूक उचललंत आणि लिहून घेतलंत.
कागदाची चौघडी केलीत.
ती पिशवीत गेली की पदराच्या आड, दिसलं नाही.
नंतर बोललो ते गुडघ्याबद्दल :
डायसला दोन पायऱ्या असतात, दुसरी उंच असते.

संध्याकाळी मी स्तंभावरून गेलो.
दौलत कानशीनं पितळ घासत होता.
बघून उठलाच. काका, कुठं यायचंय?
मी खिशातून गाडीची किल्ली काढली.
म्हटलं, बस खाली. ही एक दुसरी करून दे.

दुसरी माझ्या घरी होती,
खुंटीला.